भास्कराचार्यांच्या उदाहरणांवर पारखलेले पायथनचे इटरटूल्स

पायथन या प्रोग्रामिंग भाषेसोबत विनामूल्य मिळणाऱ्या इटरटूल्स या मॉड्यूलमधील (तयार फंक्शनांच्या संचातील) क्रमचयाची, म्हणजे वस्तूंच्या वेगवेगळ्या मांडण्या काढण्याची, साधने मी गेली काही वर्षे सतत वापरतो. परम्युटेशन्स आणि प्रॉडक्ट ही दोन फंक्शने २००८ मध्ये पायथन २.६ पासून त्यात आली. त्यांची पारख नेहमीच्या एबीसीच्या उदाहरणांवर करण्याऐवजी मी इ.स. ११५० मधील लीलावती या गणितग्रंथाच्या अंकपाश (अंकांच्या मांडण्यांच्या) प्रकरणावर करायचे ठरवले. भास्कराचार्यांनी तिथे प्रश्नही दिले आहेत आणि नेमकी उत्तरेही, त्यामुळे साधन कुठे खरे उतरते आणि कुठे अडते हे लगेच कळते.

पहिला प्रश्न मूर्तींचा आहे. हरीच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ आणि शंख किती प्रकारे देता येतील? उत्तर २४. संध्येत केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावे घेतली जातात, त्या रूपांमधला फरक मूर्तिशास्त्रात आयुधांच्या या क्रमावरूनच ओळखला जातो. परम्युटेशन्सला चार आयुधांची यादी दिली की ते चोवीस टपल एकामागून एक देते. टपल म्हणजे शाळेत शिकलेल्या क्रमित जोडीचाच विस्तार: पहिली जागा पहिल्या हाताची, दुसरी दुसऱ्याची, आणि जागा बदलली की टपल वेगळे. संचात ही चार आयुधे कशीही लिहिली तरी संच एकच राहतो. टपलात मात्र मूर्तीच बदलते. शिवाय टपल एकदा तयार झाले की त्यातले घटक बदलता येत नाहीत, म्हणून ते डिक्शनरीत, म्हणजे 'की' (खूण) आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या संग्रहात, 'की' म्हणून वापरता येते. आयुधांचे टपल ही की आणि देवाचे नाव ही तिची किंमत, अशी चोवीस नोंदींची डिक्शनरी मी सहज तयार केली. टपलाऐवजी लिस्ट (घटक बदलता येणारी यादी) दिली असती तर पायथनने तिथेच एरर दिली असती. निकाल टपलाच्या रूपात देण्याचा निर्णय किती विचारपूर्वक घेतलेला आहे, हे असे वापरताना जाणवते.

दुसरा प्रश्न शंभूचा: दहा हात, दहा आयुधे आणि ३६,२८,८०० रूपे. साध्या लॅपटॉपवर ही सगळी रूपे एक-दोन सेकंदांत मोजून झाली आणि मेमरी जवळजवळ लागलीच नाही, कारण हे फंक्शन मागितले तेवढेच पुढचे टपल देते, सगळी एकदम रचून ठेवत नाही. तेच सर्व निकाल लिस्टमध्ये साठवले, तर दहा घटकांच्या एका टपलाला १२० बाइट याप्रमाणे नुसत्या टपलांनाच ४३ कोटींहून अधिक बाइट लागतात. नवशिक्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: एकदा मोजून संपलेला हा इटरेटर (एकेक टपल देणारी वस्तू) पुन्हा फिरवला, तर कोणतीही एरर न देता रिकामाच राहतो.

शून्याखेरीज नऊ अंकांतून सहा वेगवेगळे अंक सहा स्थानांवर मांडण्याचे ६०,४८० प्रकार परम्युटेशन्सच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये (यादीनंतर द्यायच्या किमतीत) ६ दिल्याबरोबर मिळतात. पाच स्थानांतील अंकांची बेरीज १३ यावी असे भेद किती, या प्रश्नासाठी मी प्रॉडक्टला एक ते नऊ हे अंक पाच वेळा घेऊ दिले, आलेली ५९,०४९ टपले बेरजेच्या अटीने गाळली आणि भास्कराचार्यांचे ४९५ हे उत्तर तंतोतंत मिळाले.

खरी अडचण पुनरावृत्तीच्या प्रश्नात येते. २, २, १, १ या अंकांपासून किती संख्या होतात? लीलावतीचे उत्तर ६, आणि त्या सहांची बेरीज ९,९९९. परम्युटेशन्स मात्र २४ टपले देते, कारण ते घटकांना त्यांच्या किमतीवरून नव्हे तर यादीतील जागेवरून वेगळे समजते. पहिला २ आणि दुसरा २ त्याच्या लेखी दोन स्वतंत्र घटक असतात. ४, ८, ५, ५, ५ साठी २० ऐवजी १२० टपले येतात. याला मी दोष म्हणणार नाही. घटक आपसांत तुलना करण्याजोगे असोत वा नसोत, साधन चालावे यासाठी ही सोय आहे, आणि संभाव्यतेच्या गणितात सारख्या दिसणाऱ्या चेंडूंना वेगळे मोजणे अनेकदा आवश्यकच असते. भास्कराचार्यांची रीतही आधी सर्व भेद काढून मग सारख्या अंकांच्या भेदांनी भागण्याचीच आहे, म्हणजे २४ ला आधी २ ने आणि पुन्हा २ ने. पण अधिकृत माहितीपत्रकात ही बाब एकाच वाक्यात आटोपली आहे. तिथे २, २, १, १ सारखे एखादे उदाहरण दिले असते, तर कितीतरी विद्यार्थ्यांच्या उत्तरांतली चूक टळली असती. निकाल सेटमध्ये (पायथनच्या संचात) टाकून पुन्हा आलेली टपले वगळता येतात, परंतु यादी मोठी असेल तर व्यर्थ श्रम होतात. अशा कामासाठी मोअर-इटरटूल्स या वेगळ्या पॅकेजमधील डिस्टिंक्ट परम्युटेशन्स वापरावे. सी प्लस प्लस या भाषेतील नेक्स्ट परम्युटेशन हे फंक्शन किमतींची तुलना करते, म्हणून चढत्या क्रमाच्या यादीपासून सुरुवात केल्यास तेही सहाच मांडण्या देते.

मराठी वापरणाऱ्यांसाठी याहून महत्त्वाची गोष्ट मला मुलांच्या एका शब्दखेळाची तयारी करताना कळली. अक्षरांची उलटापालट करण्यासाठी मी 'महाराष्ट्र' ही स्ट्रिंग जशीच्या तशी दिली. पहिला निकाल मूळ शब्दच होता, दुसरा 'महाराष्टर्', आणि तिसऱ्यात दोन हलन्त चिन्हे लागोपाठ आली. पायथन स्ट्रिंगचे तुकडे युनिकोड या लिपिसंकेतातील चिन्हांनुसार करते, अक्षरांनुसार नव्हे. काना आणि हलन्त त्याच्या दृष्टीने स्वतंत्र घटक. त्यामुळे आपल्याला चार अक्षरी दिसणारा हा शब्द त्याच्यासाठी दहा घटकांचा होतो आणि मांडण्या ३६,२८,८०० होतात, म्हणजे शंभूच्या मूर्तींइतक्याच. म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरांची यादी स्वतः तयार करून दिली की हरीच्या मूर्तींइतक्याच २४ मांडण्या मिळतात. लीलावतीच्या त्या एकाच श्लोकातल्या दोन्ही संख्या एका शब्दातून निघालेल्या पाहून मला अतिशय आनंद झाला. तेव्हापासून हे साधन शिकवताना मी याच शब्दाने सुरुवात करतो.

दहा-अकरा घटकांपर्यंत मी हे साधन निःशंकपणे सुचवेन. पंधरा घटकांच्या मांडण्या १३,०७,६७,४३,६८,००० होतात. सेकंदाला एक कोटी टपले मिळाली तरी छत्तीस तासांहून अधिक वेळ लागेल. केवळ संख्या हवी असेल तर मांडण्या रचत बसू नये. पायथन ३.८ पासून मॅथ मॉड्यूलमध्ये पर्म हे फंक्शन आहे. त्याला ९ आणि ६ दिले की ६०,४८० हे उत्तर एकही टपल न बनवता तत्काळ मिळते.