‘के’ नव्हे, ‘क्यू’ : पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत आठ महिने

हे मी वर्षभरानंतर लिहिणार होते. पण जुलैमध्ये कदंबा स्टँडवर पावसाने गाठलं, पर्समध्ये पाणी शिरलं आणि फोन बंद पडला. दुरुस्तीवाल्याकडे दिला. ‘आतलं काही पुसू नका, माझी सहा महिन्यांची टिपणं आहेत,’ असं दोनदा बजावून सांगितलं. तिसऱ्या दिवशी फोन मिळाला तो अगदी कोरा. वर साडेनऊशे रुपये घेतले. पैशांचं दुःख आहेच, पण गेली ती यादी पैशांनी येणार नव्हती. कसली यादी, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

पाटोवरची कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी बहुतेकांनी निदान बाहेरून पाहिली आहे. इमारत मोठी आहे, स्टँडवरून चालत जाता येतं, स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळपासून बसलेली असतात. त्याबद्दल फार लिहीत नाही. फोंड्याहून शटलने उतरलं की रिक्षाचा खर्च नाही, हे माझ्यासारख्या पेन्शनवर जगणाऱ्या बाईला महत्त्वाचं. मी जाते ती गोव्याच्या जुन्या कागदांसाठी.

कागद म्हणजे आजोबा. घरात एकच गोष्ट ऐकत आले : आजोबांचं, शंकर नाईकांचं, नाव सरकारी बोलेतीमात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या राजपत्रात, छापून आलं होतं. का आलं, कधी आलं, कोणाला ठाऊक नाही. निवृत्त झाल्यावर म्हटलं, हे एकदा बघायचंच. जानेवारीत सुरुवात केली.

पहिले दोन महिने मी या ग्रंथालयावर रागावलेली होते. पोर्तुगीज काळातल्या कागदांत मराठी माणसाला जागाच नाही, असं घरी येऊन म्हणायचे. शोधायला बसावं आणि नाईक नाही, केळशी नाही, साखळी नाही, शंकर नाही. मुलाला सांगितलं, पाचपैकी दोन तारे. ते मत आता मागे घेते, आणि का घेते तेही सविस्तर सांगते.

मार्चमध्ये शेजारच्या खुर्चीवर एक वयस्कर ख्रिस्ती गृहस्थ बसत. माझी खटपट त्यांनी दोन-तीन दिवस पाहिली असावी. एकदा वाकून हळूच म्हणाले, “के घालून सोदता न्हय गे बाये? पुर्तुगेजांत के ना. क्यू बरय.” म्हणजे के घालून शोधू नको, क्यू लिही. माझ्या वहीच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीने एक-एक अक्षर काढलं : एन, ए, आय, क्यू, यू, ई. नाईक! चाळीस वर्षं मी मुलांना शुद्धलेखन शिकवलं, आणि स्वतःचं आडनाव समोर असून मला वाचता येत नव्हतं.

त्यानंतर मी दुसरं काही केलंच नाही म्हटलं तरी चालेल. स्पेलिंगच्या मागे लागले. ‘श’ हवा तर एक्स शोधायचा, म्हणून शंकर एक्सपासून सुरू होतो. केळशी क्यूपासून, आणि तिच्या शेवटी एम. तो एम ‘म’ म्हणून वाचायचा नाही, तो नाकातला उच्चार आहे, आपल्या अनुस्वारासारखा. डिचोली, शिवोली, साखळी सगळ्यांच्या शेपटीला हाच एम. देसाईंना दोन एस का? तर दोन स्वरांमध्ये एकटा एस आला की पोर्तुगीज वाचणारा त्याला ‘झ’ म्हणतो. देसाईंचे डेझाई होऊ नयेत म्हणून जोडीला दुसरा एस. प्रभूंचे पोरोबो झाले, कारण लिहिणाऱ्याने आपल्या तोंडचा उच्चार कानाला लागला तसा उतरवला. एकदा हे कळलं की त्या कागदांत आपलीच बोली ऐकू येते.

त्यातही पोर्तुगालने १९११ मध्ये लेखनपद्धत बदलली. ‘फ’साठी पी-एच जाऊन एफ आला, टी-एचमधला एच गळाला. म्हणजे याच ग्रंथालयाचं जुनं नावसुद्धा, बिब्लिओतेका, त्या सालाआधी एका स्पेलिंगने आणि नंतर दुसऱ्या स्पेलिंगने. शोधणाऱ्याने दोन्ही बाजूंनी गेलं पाहिजे. मी आडनाव, पाळण्यातलं नाव, गाव आणि देऊळ यांच्या तीनशेच्या वर जोड्या फोनमध्ये टिपल्या होत्या. त्या गेल्या.

मध्येच एक सांगायला हवं. पुष्कळ जण पुराभिलेख, म्हणजे जुन्या सरकारी कागदपत्रांचं दप्तर, आणि हे ग्रंथालय एकच समजतात. मीही समजत होते. पुराभिलेख १५९५चं, पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोतोपासूनचं. ग्रंथालय त्याहून खूप नवं, १५ सप्टेंबर १८३२ला व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रो याने काढलेलं. तरीही देशातलं सर्वांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय म्हणून त्याचा उल्लेख होतो. पुढे तीन वर्षांत गोव्यातले धार्मिक संघांचे मठ बंद झाले आणि मठांतली पुस्तकं इथे आली. पाटोला येण्याआधी ते पणजीतल्याच मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या इमारतीत होतं. दारातच निळ्या फरशांवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातले प्रसंग. लहानपणी बाबांबरोबर मी त्या पाहिल्या, पण तिथून आत पुस्तकांकडे जायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि ज्यांचं नाव आज या वास्तूला आहे ते कृष्णदास शामा केळशीचे. त्यांची मराठी ओवीबद्ध कृष्णकथा १५२६ची. त्यांच्या मानल्या जाणाऱ्या रामायण-महाभारताच्या कोकणी गद्य कथा आज कुठे आहेत? पोर्तुगालमध्ये, ब्रागाच्या ग्रंथालयात, आणि त्याही रोमन अक्षरांत उतरवलेल्या. फादर स्टीफन्सचं मराठी पुराणही १६१६मध्ये राशोलला छापलं ते रोमनमध्येच. म्हणून सांगते, स्पेलिंगचा हा विषय क्षुल्लक नाही. आपल्या वाङ्मयाचा एक मोठा भाग परक्या अक्षरांत टिकला. तो वाचायचा तर ती अक्षरं आपल्या कानाने ऐकायला शिकावं लागतं.

पोर्तुगालमध्ये १९१०ला प्रजासत्ताक आलं आणि इथल्या हिंदूंना जरा मोकळा श्वास मिळाला. गोविंद पुंडलीक हेगडे देसाईंनी १९१२मध्ये ‘भारत’ हे वृत्तपत्र सुरू केलं. त्या काळाबद्दल शाळेत आम्ही दोन ओळी शिकवत होतो. आता त्यांचंच नाव पोर्तुगीज मजकुरात हेग्दो असं दिसलं की मी थांबते, दोन एसचा देसाई बघते आणि ओळख पटते.

फोन कोरा होऊन आला त्या आठवड्यात मी जाणंच सोडलं होतं. मग फोंड्याच्या बाजारातून चाळीस रुपयांची दोनशे पानी वही आणि पेन्सिलींचं पाकीट आणलं आणि ऑगस्टपासून पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. तोवर मला वाटायचं, हाताने उतरवणं म्हणजे वेळ घालवणं. हेही मत बदललं. फोनमध्ये टिपलेलं नाव मी पुन्हा कधी वाचलं नव्हतं. हाताने लिहिलेलं आपोआप पाठ होतं. सप्टेंबरपर्यंत मला वही न उघडता निम्मी नावं येऊ लागली.

आणि त्यामुळेच आजोबा सापडले. बोलेतीमचा १९२८चा बांधीव खंड, पिवळट कागद, कडा इतक्या ठिसूळ की पान उलटताना तळहात खाली धरावा लागतो. मी खरं तर आमच्या गावाचं स्पेलिंग शोधत होते. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नारळांच्या पावणीची (लिलावाची) सूचना होती. खाली पावणी घेणाऱ्याचं नाव, आणि त्याच्या खाली बारीक टायपात फियादोर म्हणून आजोबा. फियादोर म्हणजे जामीन. शंकर एक्सने, नाईक क्यूने. जानेवारीत हेच पान उघडलं असतं तर मी ते बघून उलटलं असतं.

म्हणजे घरातली मोठी गोष्ट इतकीच होती. दुसऱ्याच्या नारळांसाठी ते जामीन राहिले होते. मी त्या दोन ओळी उतरवून घेतल्या, दोनदा ताडून पाहिल्या आणि त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही.

आता माझं मागणं. मराठी-कोकणी वाचकासाठी अशी स्पेलिंगची यादी छापील स्वरूपात, वाचायच्या टेबलाशी हाताला लागेल अशी असावी. आडनावं, गावं, देवस्थानं, १९११ आधीचं आणि नंतरचं. हे माझ्यासारखी एक बाई वहीत करू शकते, तर पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही येणारी चार माणसं एका पावसाळ्यात नक्की करतील. येणाऱ्या मुलांचे दोन महिने वाचतील, आणि मुख्य म्हणजे ‘इथे आपलं काही नाही’ म्हणून ती परत जाणार नाहीत.

तारे पाचपैकी साडेचार. अर्धा मी त्या यादीसाठी राखून ठेवला आहे.

सध्या वहीची सत्तर पानं भरली आहेत. गेल्या मंगळवारी समोर बसलेली शिवोलीची एक मुलगी बराच वेळ के घालून काहीतरी शोधत होती. तिला मी ‘क्यू’चं पान उघडून दिलं. जाताना तिने आपल्या आजोळच्या चार आडनावांची त्यात भर घातली. त्यातली दोन मला ठाऊक नव्हती.