जुनी बॉक्स्टर-केमन घ्यावी की ऑक्टाव्हिया आरएस?

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात पोर्शेची पंधरा-अठरा वर्षांची बॉक्स्टर किंवा केमन आणि स्कोडाची अलीकडची ऑक्टाव्हिया आरएस या दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या गाड्या अनेकदा जवळपास सारख्याच पैशांत समोर येतात, आणि पुण्या-मुंबईतील किंवा नाशिकमधील वाहनप्रेमी माणूस महिनोन्‌महिने त्यांच्यामध्ये घुटमळत राहतो. त्याच्यासाठी हा आढावा आहे. बॉक्स्टर उघडता येणाऱ्या कापडी छताची आणि केमन ही तिचीच पक्क्या छताची बहीण. बॉक्स्टर-केमन म्हणजे येथे ‘९८७’ या अंतर्गत क्रमांकाची, साधारण २००५ ते २०१२ या काळातील पिढी. आणि ऑक्टाव्हिया म्हणजे भारतात २०१७ मध्ये आलेली आरएस २३० व २०२० मध्ये केवळ २०० गाड्यांपुरती आणलेली आरएस २४५. माझा जीव बॉक्स्टरवर आहे हे आरंभीच सांगतो, आणि म्हणूनच तिच्या दोषांविषयी मी अधिक विस्ताराने लिहिणार आहे.

जुन्या पोर्शेचा मोह नावामुळे होतो असे समजणाऱ्यांनी ती एकदा घाटात चालवून पाहावी. इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले असल्यामुळे गाडीचे वजन तिच्या मध्याजवळ एकवटते, आणि वळणात शिरताना ती तोंडाकडून जड वाटत नाही. स्टिअरिंगला हायड्रॉलिक साहाय्य आहे. पुढचे चाक खडीवर आहे की ओल्या डांबरावर, हे तळहाताला कळते. सहा सिलिंडरांचे आडवे इंजिन टर्बोशिवाय चालते आणि पायाच्या हालचालीला तत्काळ उत्तर देते. २०१२ नंतरच्या पिढीत स्टिअरिंग विजेवर गेले आणि २०१६ च्या ‘७१८’ नावाच्या पिढीत चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन आले, त्यामुळे हे तिन्ही गुण एकत्र देणारी ही या घराण्यातील शेवटची पिढी ठरली. ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपून रस्ते धुतलेले असताना, पहाटे ताम्हिणी घाटात ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने ही गाडी जे सुख देते, ते द्रुतगती मार्गावर ताशी शंभरच्या मर्यादेत कोणतीही मोठी गाडी देत नाही, असा माझा अनुभव आहे.

ऑक्टाव्हिया आरएसचे गुण दुसऱ्या प्रकारचे आहेत आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही. दोन लिटरच्या टर्बो इंजिनातून आरएस २३० मध्ये २३० आणि आरएस २४५ मध्ये २४५ अश्वशक्ती मिळते. ३५० व ३७० न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, अगदी कमी फेऱ्यांवर येतो, त्यामुळे ट्रक ओलांडताना गिअर खाली आणण्याचीही फारशी गरज पडत नाही. मागे तीन माणसे बसतात, डिकीत सुमारे ५९० लिटर सामान मावते, आणि तीच गाडी सकाळी मुलांना शाळेत सोडून संध्याकाळी कोल्हापूरला नेता येते. तिची शक्ती पुढच्या चाकांना जाते, आणि ओल्या घाटात, वळणातून बाहेर पडताना जोरात पाय दिल्यास ती बाहेरच्या बाजूस सरकू पाहते; आरएस २४५ मधील, पुढच्या दोन चाकांत शक्ती वाटून घसरण रोखणारे डिफरन्शियल हे बरेच आवरते. आनंदाच्या बाबतीत मी तिला बॉक्स्टरच्या बरोबरीने ठेवणार नाही, परंतु उपयुक्ततेत बॉक्स्टर तिच्या जवळपासही येत नाही.

इंजिनाचा प्रश्न

९८७ घेणाऱ्याने पहिल्यांदा गाडीचे वर्ष पाहावे, रंग आणि किलोमीटर नंतर. २००८ पर्यंतच्या गाड्यांमध्ये क्रँकशाफ्टची (पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) गती साखळ्यांमार्फत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत नेणारा एक मधला दांडा आहे, आणि त्याच्या एका टोकाला बंदिस्त बेअरिंग आहे. या बेअरिंगच्या सीलमधून इंजिन ऑइल आत झिरपते, मूळचे ग्रीस धुऊन जाते, आणि झीज वाढत गेली की दांडा जागचा हलतो, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ बिघडतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि क्षणात संपूर्ण इंजिन निकामी होते. आधीच्या इंजिनांमध्ये हे बेअरिंग गिअरबॉक्स उतरवून बदलता येत असे. साधारण २००६ ते २००८ च्या इंजिनांत ते मोठे आणि अधिक मजबूत केले गेले, त्यामुळे बिघाड विरळ झाले. पण ते आता इंजिनाचे दोन भाग वेगळे केल्याशिवाय निघत नाही. म्हणजे धोका कमी, पण प्रतिबंधक उपायही जवळपास बंद. वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या, कमी चाललेल्या गाड्यांत हा दोष अधिक आढळतो, असे या इंजिनांवर काम करणाऱ्या अनेकांचे निरीक्षण आहे. त्यामुळे “अठरा वर्षांत फक्त बारा हजार किलोमीटर” ही जाहिरात मला आकर्षक न वाटता चिंताजनक वाटते.

दुसरा दोष सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडण्याचा. तो ३.४ लिटरच्या इंजिनात अधिक ऐकू येतो. ऑइल अवाजवी कमी होणे, एकाच बाजूच्या धुराड्यावर काजळी धरणे आणि गरम इंजिनातून ठराविक टकटक येणे ही त्याची लक्षणे आहेत. स्पार्क प्लगच्या छिद्रातून छोटा कॅमेरा घालून हे प्रत्यक्ष पाहता येते, आणि पाहिल्याशिवाय ३.४ लिटरची गाडी घेऊ नये.

२००९ मध्ये पोर्शेने इंजिनच नवे आणले. त्यात मधला दांडा नाही, म्हणून त्याचे बेअरिंगही नाही. २.९ लिटरचे इंजिन बॉक्स्टरमध्ये २५५ आणि केमनमध्ये २६५ अश्वशक्ती देते, तर एस प्रकारातील ३.४ लिटरचे अनुक्रमे ३१० आणि ३२०. माझे मत येथे स्पष्ट आहे: २००९ पूर्वीची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी, जुन्या पोर्शेचा स्वतःचा अनुभव नसलेल्या खरेदीदाराने ती टाळावी आणि फरकाचे पैसे २००९ नंतरच्या गाडीत घालावेत. त्या गाड्यांतील सात गिअरांचा ‘पीडीके’ हा दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स उत्तम आहे, परंतु त्याच्या आत बिघाड झाल्यास अनेक ठिकाणी पूर्ण गिअरबॉक्सच बदलण्याचा सल्ला दिला जातो, आणि तो खर्च फार मोठा असतो. हाताने गिअर टाकण्याची गाडी मिळाली तर मी तिला प्राधान्य देईन.

ऑक्टाव्हियाच्या इंजिनाबद्दल इतके लिहावे लागत नाही, हीच तिची जमेची बाजू आहे. पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट यांच्या प्लास्टिकच्या आवरणातून कूलंट गळणे ही या इंजिनाची माहीत असलेली तक्रार आहे. आरएस २३० च्या डीएसजी या दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदललेले असावे, आणि त्याची पावती विक्रेत्याकडे मागावी. यातील कोणतीही गोष्ट संपूर्ण इंजिन घेऊन जात नाही.

पाऊस, गतिरोधक आणि पेट्रोल

बॉक्स्टरचे कापडी छत ज्या कप्प्यात दुमडते, त्याच्या दोन्ही बाजूंना पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पालापाचोळ्याने त्या तुंबतात, पाणी आत उतरते, गालिच्याखाली साचते आणि आसनाखाली बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकापर्यंत पोहोचले की कुलपे आणि चोरीविरोधी यंत्रणा बिघडून गाडी सुरूच होत नाही. हा दोष युरोपातही होतोच, पण कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या पावसात तो होण्याची संधी किती तरी अधिक. ज्याच्याकडे छप्पर असलेली पार्किंगची जागा नाही त्याने बॉक्स्टरचा विचार सोडून केमन पाहावी. कूलंटचे रेडिएटर आणि त्यांच्यापुढे असलेले वातानुकूलनाचे कंडेन्सर बॉक्स्टर आणि केमन या दोन्ही गाड्यांत पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात. तेथे साचलेली ओली पाने आणि चिखल दरवर्षी बंपर उतरवून काढावा लागतो, नाही तर कंडेन्सर गंजून गळू लागतात.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी. असा गतिरोधक ९८७ तिरकी घालून सावकाश ओलांडते. सोसायट्यांच्या दारात आणि गावांच्या वेशीवर रातोरात उभे राहणारे अरुंद, उंच उंचवटे मात्र तिच्या पुढच्या ओठाला लागतात. घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा मार्ग खरेदीपूर्वी पायी चालून मोजावा, हे मी गंभीरपणे सुचवतो. ऑक्टाव्हिया आरएसही ठेंगणीच आहे, पण तिला इतकी काळजी लागत नाही. शिवाय ९८७ मध्ये राखीव चाक नसते, केवळ छिद्र बुजवण्याचे द्रव्य आणि हवा भरण्याचा छोटा पंप असतो. टायरची बाजू फाटली तर टो करून नेण्याशिवाय मार्ग नाही. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असल्यामुळे ते अदलाबदल करून आयुष्यही वाढवता येत नाही.

पेट्रोलबाबत दोन्हींची गरज सारखी आहे: दोन्ही इंजिनांना अधिक ऑक्टेनचे पेट्रोल हवे, आणि दोन्हींपैकी एकही २० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेले नाही. ऑक्टाव्हिया रोज चालते, तिची टाकी आठवड्यात संपते. बॉक्स्टर महिनाभर उभी राहिली तर इथेनॉल हवेतील ओलावा शोषत राहते, म्हणून तिच्यात जुने पेट्रोल पडून राहू देऊ नये.

कागदपत्रे

येथे बहुतेक खरेदीदार फसतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. २००८ ची बॉक्स्टर २०२३ मध्येच या टप्प्यावर आली, आणि अगदी २०१२ ची घेतली तरी २०२७ मध्ये येईल. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क साध्या मोटारीसाठी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, तर आयात केलेल्या मोटारीसाठी ते ४०,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी हेच आकडे १०,००० आणि ८०,००० रुपये करण्यात आले. आपल्या गाडीची नोंद आरसीवर आयात वाहन म्हणून आहे का, हे सौद्यापूर्वी पाहावे. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो.

दिल्लीतील जुन्या पेट्रोल गाड्यांवरील पंधरा वर्षांच्या निर्बंधांमुळे तेथील गाड्या स्वस्तात मिळतात आणि इकडच्या खरेदीदारांना दाखवल्या जातात. दिल्लीचे पासिंग महाराष्ट्रात आणायचे तर ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि येथील एकरकमी कर नव्याने भरावा लागतो. आयात गाड्यांना तो सर्वसाधारण गाड्यांपेक्षा चढ्या दराने लागतो. आधी आरटीओत जाऊन गाडीच्या वर्षासह आकडा काढून घ्यावा, मगच बयाणा द्यावा. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीचे विमा-मूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, तेव्हा ते लेखी ठरवून घ्यावे. ऑक्टाव्हियाच्या बाबतीत नोंदणीच्या नूतनीकरणाचे आणि पर्यावरण कराचे प्रश्न २०३२ आणि २०३५ पर्यंत दूर आहेत.

वेळ आणि माणूस

जुन्या पोर्शेचा खरा खर्च सुट्या भागांच्या किमतीपेक्षा त्यांच्या प्रतीक्षेत जातो. भाग मिळतात, पोर्शे आपल्या जुन्या गाड्यांचे भाग दीर्घकाळ पुरवते, आणि मूळ पुरवठादारांच्या नावाने तेच भाग कमी किमतीत मागवताही येतात. पण ते येईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये उभी असते. इंजिन दोन आसनांच्या मागे दडलेले असल्यामुळे बहुतेक कामे गाडी उचलून खालून करावी लागतात, आणि हे काम पूर्वी केलेला मिस्त्री प्रत्येक शहरात नसतो. म्हणून घरात दुसरी चालती गाडी, तासाभराच्या अंतरावर हे इंजिन ओळखणारा माणूस, आणि खरेदी-किमतीच्या निदान चौथ्या हिश्शाइतकी बाजूला काढलेली रक्कम या तीनही गोष्टी असतील तरच २००९ नंतरची केमन किंवा बॉक्स्टर घ्यावी. एक जरी नसेल तर ऑक्टाव्हिया घ्यावी, आणि दोहोंपैकी आरएस २३० घ्यावी. २०१७ मध्ये तिची शोरूम किंमत २४.६२ लाख आणि २०२० मध्ये आरएस २४५ ची ३५.९९ लाख होती, आणि रोजच्या रस्त्यावर या दोहोंत इतक्या पैशांचा फरक जाणवत नाही.

घ्यायचे ठरलेच, तर तपासणीवर एक पूर्ण दिवस द्यावा. निदान-यंत्र जोडल्यावर इंजिन एकूण किती तास चालले ते कळते; मीटरवरील किलोमीटरला त्या तासांनी भागावे. ४०,००० किलोमीटर आणि २,००० तास म्हणजे ताशी २० चा सरासरी वेग, जो मुंबईत सहज पटतो. तेच तास ४,५०० निघाले तर सरासरी ताशी नऊवर येते आणि मीटरवर संशय घ्यावा लागतो. हेच यंत्र इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले, तेही सांगते. ऑइल फिल्टर उघडून त्याच्या कागदाच्या घड्यांमध्ये धातूचे कण आहेत का ते उजेडात पाहावे. टायरच्या बाजूवरील चार आकडी खूण वाचावी. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, आणि असे टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदलावे लागतील.

आणि बॉक्स्टर शक्यतो श्रावणात, दोन-तीन दिवस पाऊस झाल्यावर पाहायला जावे. दार उघडताच येणारा वास घ्यावा, मग आसनांच्या मागचा गालिचा पंजाने दाबून हात ओला होतो का ते पाहावे.