बॉक्सस्टर इंग्लंडला न्यायची आहे? उद्यमबागेत काय करून घ्यावं आणि काय नको

पोर्श बॉक्सस्टरसारखी गाडी परदेशी न्यायची म्हटलं की बेळगावात पहिला सल्ला मिळतो तो पुण्याला किंवा बेंगळुरूला पाठवा असा. निम्म्याहून जास्त कामासाठी त्याची काही गरज नाही. उद्यमबाग ही बेळगावची औद्योगिक वसाहत. तिथले हात फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये तयार झालेले आहेत आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. फक्त कामाची यादी आणि पान्याचे आकडे, म्हणजे काय किती जोराने आवळायचं ते, तुम्ही कागदावर लिहून न्यायचे. तसं केलं तर इथलं काम मोठ्या शहराच्या तोडीचं होतं. पुढचं सगळं 2005 ते 2012 दरम्यानच्या, पोर्शच्या भाषेत 987 क्रमांकाच्या बॉक्सस्टरबद्दल आहे. भारतासारखंच इंग्लंडमध्येही स्टिअरिंग उजवीकडे असतं आणि दहा वर्षांहून जुन्या गाडीला तिथे वेगळी मंजुरी लागत नाही, एमओटी ही रस्त्यावर चालण्याच्या योग्यतेची चाचणी मात्र द्यावी लागते. त्यामुळे न्यायला सोयीची अशी हीच पिढी.

सुरुवात कूलंटपासून करा, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ तिथेच असतो. बेळगावची थंडी शून्याच्या जवळही जात नाही, म्हणून टाकी कमी झाली की नळाचं पाणी ओतून भागवलं जातं. इंग्लंडच्या जानेवारीत तेच पाणी गोठलं तर रेडिएटर फुटतो, कधी इंजिनाचा ब्लॉकही तडकतो. या गाडीत इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे, मधे लांबच लांब पाइप. एकूण कूलंट वीस लिटरच्या आसपास आणि खालचे बूच काढून ते सगळं कधीच निघत नाही. म्हणून नुसतं 'बदललं' यावर विश्वास ठेवू नका. कूलंट किती थंडीला गोठेल ते सांगणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून आकडा बघा. निम्मं मूळ दाट कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी असेल तर आकडा उणे 35 अंशांच्या पुढे जातो. उणे 10 दाखवत असेल तर पुन्हा काढा, पुन्हा भरा. भरताना व्हॅक्युम लावून भरणारं यंत्र वापरायला सांगा. त्याला कॉम्प्रेसर लागतो, आणि उद्यमबागेत कॉम्प्रेसर नाही असं शेड शोधून सापडणार नाही. वरून ओतून भरलं तर लांब पाइपात हवा अडकते आणि गाडी घाटात तापते. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढून टाका, तेही गोठतं.

पुढचा बंपर उतरवल्याशिवाय रेडिएटर साफ झाला असं मानू नका. निपाणी, चिक्कोडी, अथणी या भागात ऊस हंगामात ट्रॉल्यांमधून पाचट रस्त्यावर सांडतं आणि बॉक्सस्टरची पुढची दोन तोंडं ते ओढून घेतात. पाचट बसतं ते एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत. बाहेरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, आत ओला गठ्ठा कुजत असतो आणि ॲल्युमिनियम खात असतो. दोन्ही वेगळे करून बोटांनी आणि मऊ ब्रशने काढायचं, मग मागून पुढे हलक्या दाबाचं पाणी. प्रेशर वॉशर जवळ नेला की पंख वाकतात. रेडिएटरच गळत असेल तर शहरातल्या रेडिएटर मिस्त्रीकडे नेऊ नका. तांब्या-पितळेच्या डाकात त्यांचा हात सुंदर आहे, पण प्लास्टिकच्या टाकीला चिमटलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर नवाच घ्यावा लागतो.

ऑइल बदलणं इथे नीट होतं. पोर्शच्या ए40 मान्यतेचं 0डब्ल्यू-40 वापरा. फिल्टरचं प्लास्टिक झाकण उघडायला 74 मिलिमीटरचा, चौदा खाचांचा कप लागतो. तो गॅरेजमध्ये नसेल तर आधी मागवून ठेवा, नाहीतर पकडीने झाकण चिरतं. झाकण 25 न्यूटन मीटरने आवळायचं, तेलाचं बूच 50 न्यूटन मीटरने आणि वॉशर नवा. या गाडीला डिपस्टिक नाही, पातळी डॅशबोर्डवरच दिसते. म्हणून सात लिटर भरून थांबा आणि पुढचं थोडं थोडं मोजून घाला. जास्त झालं की तेल एअर-ऑइल सेपरेटरमधून (हवेतलं तेल वेगळं करणारा भाग) इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत शिरतं आणि मागून निळा-पांढरा धूर येतो.

जुना फिल्टर फेकू देऊ नका. त्याची कागदी घडी कटरने कापून उजेडात पसरा आणि लोहचुंबक फिरवा. 2008 पर्यंतच्या इंजिनात मधल्या शाफ्टचं बेअरिंग हा कमकुवत सांधा आहे आणि 2006 पासूनच्या मोठ्या बेअरिंगला क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं मुख्य कवच, खोलून वेगळं केल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. 2009 च्या नव्या इंजिनात ते बेअरिंगच नाही. चुंबकाला लोखंडी कण चिकटले तर गाडी जहाजावर चढवण्याचा विचार तिथेच थांबवा. काळे प्लास्टिकचे तुकडे बहुतेक वेळा चेन गाइडचे (इंजिनातल्या साखळीला वाट देणाऱ्या पट्ट्यांचे) असतात, तेही दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि सगळ्या यादीत हिच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही.

उद्यमबागेची खरी ताकद दिसते ती गंजलेल्या एक्झॉस्टच्या बोल्टांवर. तुटलेला स्टड वेल्डिंगने नट लावून किंवा मशीनवर धरून काढणं हे इथलं रोजचं काम. कोणी आवाजासाठी कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा 'कॅट') काढून सरळ पाइप टाकला असेल तर मूळ कॅट परत बसवण्याची हीच वेळ. कॅट नसेल तर एमओटीत गाडी नापास होते.

नको ते काम म्हणजे सीलंटचा मारा. तेल पाझरतंय म्हणून ऑइल पॅनच्या कडेला अंगठ्याने सिलिकॉन फासलं की आतल्या बाजूला सुटलेली सिलिकॉनची दोरी तेलाच्या गाळणीत जाऊन बसते. सांध्यावर पातळ, अखंड रेघ एवढंच. गाडी ऑस्ट्रेलियाला जाणार असेल तर गॅस्केटच्या बाबतीत आणखी सावध राहा. आपल्याकडे शीटमधून कापून दिलेल्या गॅस्केटमध्ये आणि स्वस्त ब्रेक पॅडमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं आणि ऑस्ट्रेलियात त्याची आयात 2003 च्या अखेरीपासून पूर्ण बंद आहे. तिकडे माती आणि बियाही चालत नाहीत. चाकांवरची प्लास्टिकची अस्तरं खोलून खानापूरच्या रस्त्यांची तांबडी माती धुवावी लागते. इंग्लंडसाठी इतकं कडक नाही, पण ती धुतलेली बरी, कारण समुद्राची दमट हवा त्याच ओल्या मातीखाली गंज धरते.

ब्रेक फ्लुइड डॉट 4, दोन वर्षं झाली असतील तर बदला. डिस्क लेथवर घासून देतो असं कोणीही म्हणेल, आणि घासून छान देईलही, पण कमीत कमी जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती आधी वाचा. हँडब्रेक मागच्या डिस्कच्या आतल्या ड्रमवर आहे. ओढून ठेवला तर प्रवासात बूट चिकटतात. कंटेनरमध्ये ओढायचा नाही, चाकांना लाकडी उटी लावायची आणि पट्ट्यांनी बांधायचं. गाडी चालवत जहाजात नेतात त्या पद्धतीत मात्र कंपनी सांगेल तसं.

टायरच्या दुकानात उभं राहून काम करून घ्या. 18 इंची चाकाला पुढे 235/40, मागे 265/40. बाजूवरचे शेवटचे चार आकडे 2319 असतील तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. इम्पॅक्ट गनने बोल्ट आवळू देऊ नका, टॉर्क पान्याने 130 न्यूटन मीटर. लॉकिंग बोल्टची चावी कुठे आहे ते आत्ताच बघा. ती हरवली असेल तर बोल्ट इथल्या मशीनशॉपमध्ये काढून घेणं इंग्लंडपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. रवाना करताना हवा तीन बारपर्यंत वाढवली की टायर एका जागी चपटे होत नाहीत.

छताच्या दोन्ही बाजूंच्या पाणी जाण्याच्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबतात. आपल्या पावसात पाणी मग थेट सीटखाली साचतं. प्लास्टिकची बारीक नळी घालून मोकळ्या करा, तारेने नाही, रबर फाटतं. कॉम्प्युटर तपासणी मात्र इथे कमी पडते. साधा स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतो. पोर्शच्या तपासणीसाठीची ड्युरामेट्रिक नावाची केबल आणि लॅपटॉप ज्याच्याकडे असेल त्याच्याकडेच जा, त्यासाठी पुण्याचा फेरा योग्य आहे.

शेवटचं काम बॅटरीचं, आणि ते बंदरावरच्या माणसालाही समजावून द्यावं लागतं. बॅटरी पुढच्या बॉनेटखाली आहे आणि बॉनेट विजेवर उघडतं. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही. अशा वेळी फ्यूजपेटीतलं लाल टोक बाहेर ओढून त्याला 12 व्होल्टचा धन जोडायचा, ऋण दाराच्या धातूच्या कडीला, आणि मग किल्लीचं बटण. हे मराठीत आणि इंग्रजीत लिहून काचेला आतून चिकटवा. वीज नसताना दार उघडलं की काच आपोआप खाली सरकत नाही आणि छताच्या रबराला अडते, म्हणून बॅटरी सोडवण्याआधी काचा थोड्या खाली ठेवा. पुन्हा जोडल्यावर काच पूर्ण वर नेऊन बटण परत दाबून धरायचं, म्हणजे तिला आपली जागा कळते. वीस फुटी कंटेनर आतून 2.35 मीटर रुंद, गाडी आरशांशिवाय 1.80 मीटर. दोन्ही बाजूंना जेमतेम 27 सेंटिमीटर उरतात, तेवढ्यात दार उघडून माणूस बाहेर येत नाही. छत उघडं ठेवून आत न्यायची, चालवणाऱ्याने वरून बाहेर पडायचं, मग छत बंद करून त्यानंतरच बॅटरीची तार काढायची. पेट्रोल पाव टाकीच्या खाली ठेवा. न्हावा शेवा बंदरापर्यंत नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचा सपाट माळा पूर्ण झुकणारा आहे ना, हे भाडं ठरवण्याआधी विचारा. नुसत्या उतरत्या फळ्यांवर बंपरचा पुढचा ओठ घासतो.