नमपायचं ॲज-स्ट्राइडेड : मेमरी फुकट, जबाबदारी तुमची

रोलिंग विंडो (आकड्यांवरून एकेक घर सरकत जाणारी खिडकी), इमेजचे पॅचेस, सिग्नलचे एकमेकांवर चढणारे तुकडे, असलं काही लूप न लावता करायचं असेल तर नमपाय या पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतलं ॲज-स्ट्राइडेड हे फंक्शन खरंच भारी आहे. डेटा जागचा हलत नाही, पुढच्या रोला जायला किती बाइट आणि पुढच्या कॉलमला किती, एवढंच आपण सांगायचं. ० ते ५ असे सहा आकडे घ्या, इंट-६४ म्हणजे प्रत्येकी ८ बाइट, शेप म्हणजे ओळी नि कॉलम (४, ३) आणि स्ट्राइड्स म्हणजे ते उडीचे बाइट (८, ८) दिले की ० १ २, १ २ ३, २ ३ ४, ३ ४ ५ अशा ओळी हजर. १० लाख फ्लोट-६४ वर ५०० ची विंडो कॉपी करून काढली असती तर जवळपास ४ जीबी गेले असते, इथे मूळचे ८ एमबी सोडून खर्च नाही.

पण चेकिंग शून्य! शेप (५, ३) दिलात तर एरर बिरर काही येत नाही, शेवटच्या ओळीत ४, ५ आणि मग मेमरीत पुढे जो काही कचरा पडलाय तो. प्रोग्राम क्रॅश झाला तर नशीब समजा, नाही झाला तर चुकीचं उत्तर बिनबोभाट पुढे जातं. शिवाय लोक कोडमध्ये सरळ ८ ठोकून देतात, आणि नमपाय २.० च्या आधी विंडोजवर डीफॉल्ट इंटिजर ४ बाइटचा होता, म्हणजे लिनक्सवर बरोबर चालणारा कोड तिथे एकाआड एक आकडे उचलणार. स्ट्राइड्स मूळ ॲरेलाच विचारून घ्या ना. अजून एक, डीफॉल्टला त्यात लिहिता पण येतं, पहिल्या ओळीतल्या १ च्या जागी ९९ टाकले की दुसऱ्या ओळीची सुरुवात पण ९९ आणि मूळ ॲरे पण बदलला (हे डीफॉल्ट का ठेवलंय देव जाणे).

बहुतेकांनी स्लायडिंग-विंडो-व्ह्यू वापरावं, व्हर्जन १.२० पासून आहे, हिशोब स्वतः करतं आणि रीड-ओन्ली असतं. दर दहा आकड्यांनी उडी मारत विंडो हवी असेल तरी त्यावर स्लाइस लावला की झालं.

फक्त त्या व्ह्यूवर (म्हणजे कॉपी न करता मूळ डेटावरच दिसणाऱ्या विंडोंवर) नंतर रीशेप मारून सगळं सपाट करू नका, तेव्हा कॉपी होते आणि ते ४ जीबी येतातच. आणि नुसता मूव्हिंग ॲव्हरेजच हवा असेल तर हे दोन्ही सोडा, व्ह्यूवर मीन लावलं तर ५० कोटी बेरजा होणारच, क्युमसमची (म्हणजे चालत्या बेरजेची) वजाबाकी कितीतरी स्वस्त पडते.