मॅग्नेटची ओढ बंद करणारी शीट म्हणून मला फसवलं, तुम्ही घेऊ नका

माझी मुलगी आठवीत आहे. डिसेंबरात शाळेचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि तिने विषय घेतला की दोन चुंबकांमधली ओढ कशाने थांबते. कागद, पुठ्ठा, काच, फॉइल, ताट असं एकेक मधे घालून बघायचं आणि शेवटी एक वस्तू अशी ठेवायची की जिने ओढ खरंच थांबते, म्हणजे बघणाऱ्याला फरक कळेल, असं तिच्या डोक्यात होतं. मी ती शेवटची वस्तू शोधायला मोबाईल घेऊन बसले आणि तिथेच चुकले.

दोन दिवसांत जाहिरात समोर आली. मॅग्नेटिक शील्डिंग शीट, अस्सल म्यू-मेटल, ए-फोर साईज, ओढ 100 टक्के बंद. खाली व्हिडिओ, लाल टेबलक्लॉथ, वर चुंबक, खाली लटकलेल्या टाचण्या, मधून चकचकीत शीट सरकवली की टाचण्या पटापट खाली. किंमत 1,850. मी म्यू-मेटल म्हणजे काय ते वाचलं होतं, निकेल जवळजवळ ऐंशी टक्के आणि बाकी बरंचसं लोखंड असा मिश्रधातू, 1923 साली समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलसाठी काढलेला आणि महाग, त्यामुळे किंमत ऐकून उलट विश्वासच बसला. सीओडी नाही म्हणाले, यूपीआयने आधी पैसे पाठवा, मी पाठवले.

आठ दिवसांनी पाकीट आलं. पातळ, चंदेरी, मागे चिकटपट्टी असलेली शीट. मुलीने टेबलाच्या कडेला दोरा टेपने चिकटवून त्याला पेपरक्लिप बांधली होती, वर स्टँडला चुंबक, आणि क्लिप दोरा ताणून हवेत उभी, मधे बोटभर जागा. त्या जागेतून तिने शीट हळूच सरकवली. क्लिप हललीसुद्धा नाही. तिने शीट काढली, परत घातली, उलटी करून घातली, आणि मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं हो.

मेसेज केला तर उत्तर लगेच आलं. "तुमचा मॅग्नेट स्ट्राँग आहे मॅडम, डबल लेयर लागेल, ऑफरमध्ये 1,400 ला देतो." प्रदर्शनाला बारा दिवस उरले होते, मुलगी रडवेली झालेली, आणि मी परत पैसे पाठवले. दोन शीट, मग घडी घालून चार थर, क्लिप तशीच उभी. परत घ्या म्हटलं तर निम्मे पैसे कापू म्हणाले, मी पोलिसांचं नाव काढलं आणि नंबर ब्लॉक. एकूण 3,250 गेले.

शेवटी आमच्या सासऱ्यांनी सोडवलं. ते एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामाला होते, चाळीस वर्षं पत्रा हाताळलेला माणूस. त्यांनी शीट हातात घेतली, चुंबक टेकवला, चुंबक घसरून खाली पडला. "अगं हे ॲल्युमिनियम आहे, याला चुंबक धरत नाही, मग हे चुंबकाला काय धरणार?" एवढंच बोलले. मग उठून खाऱ्या बिस्किटांच्या डब्याचं पत्र्याचं झाकण आणलं आणि मुलीला म्हणाले हे घाल बाळ. तिने घातलं आणि क्लिप टप्पदिशी टेबलावर पडली. फुकटचं झाकण!

आता नीट सांगते कारण हे कळलं असतं तर मी फसले नसते. चुंबकाचं बळ कुठल्याच वस्तूने भिंतीसारखं अडत नाही, ते वळतं. लोखंडातून जाणं त्याला सोपं पडतं म्हणून ते पत्र्यात शिरून पत्र्यातूनच फिरून चुंबकाच्या दुसऱ्या टोकाला जातं आणि पलीकडच्या क्लिपपर्यंत फारसं काही पोचत नाही. ॲल्युमिनियम, तांबं, प्लास्टिक, काच यांच्यातून ते जसंच्या तसं आरपार जातं, मग थर चार असोत की चाळीस. तांब्याच्या नळीतून चुंबक सोडला की सावकाश खाली येतो ते खरं आहे पण ते चुंबक हलत असतो म्हणून, स्थिर चुंबकाला त्याचा काही अडसर नाही. म्हणजे परीक्षा साधी आहे, ज्या शीटला चुंबक चिकटत नाही ती शीट ओढ कमी करणार नाही. अस्सल म्यू-मेटललाही चुंबक चिकटतो.

आणि म्यू-मेटल खरं आलं असतं तरी आमच्या कामाचं नव्हतं, हे मला सायन्सच्या मॅडमनी सांगितलं. ते कमकुवत क्षेत्रासाठी, नाजूक उपकरणं जपायला वापरतात. जोरदार निओडिमियम चुंबकाजवळ पातळ शीट लगेच भरते, पन्हळ भरली की पाणी वरून सांडतं तसं उरलेलं बळ पलीकडे जातं. शिवाय ते वाकवलं की परत भट्टीत तापवावं लागतं, नाहीतर गुण कमी होतो. जोरदार चुंबकाला साधा जाड लोखंडी पत्राच बरा. आमच्याकडेही मोठा चुंबक लावला तेव्हा एका झाकणाने क्लिप नुसती थरथरली, पडली नाही, मग सासऱ्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमधून 2 एमएमची एमएस म्हणजे साध्या लोखंडाची पट्टी कापून आणली, साठ रुपये. ती चुंबकाला जाऊन चिकटायची म्हणून लाकडी खोबणीतून सरकवली. वायंडिंगच्या दुकानात ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या स्टॅम्पिंग पट्ट्या मिळतात त्याही चालतात. स्टीलचं ताट मात्र आधी तपासून घ्या, काही ताटांना चुंबक चिकटतच नाही.

मॅडमनी मुलीला अलिबागची गोष्टही सांगितली. मुंबईत ट्राम विजेवर चालणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतलं पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं काम 1904 साली अलिबागला हलवलं आणि तिथली इमारत लोखंडाशिवाय बांधली. लोखंडी भिंती घालून ट्रामचा त्रास वळवायला जावं तर पृथ्वीचं चुंबकत्वही वळणार, मग मोजायचं काय. मुलीने हे तक्त्यावर लिहिलं, आणि त्याखाली ती चंदेरी शीट पण लावली, "याने ओढ थांबत नाही" अशी चिठ्ठी लावून. परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ तिथेच विचारलं.

पैशांचं म्हणाल तर मी उशीर केला. पैसे गेले की त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करायचा असतो, मी तीन आठवडे त्याच्याशी गोड बोलत बसले. 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे, पाकिटाचा फोटो, यूपीआयची पावती, चॅटचे स्क्रीनशॉट सगळं दिलंय, अजून पैसे आलेले नाहीत.

परवा तीच जाहिरात परत दिसली. पेजचं नाव बदललंय, किंमत आता 2,199, पण व्हिडिओ तोच आहे, लाल टेबलक्लॉथ, उजव्या हातात हिरव्या खड्याची अंगठी. यावेळी नीट बघितलं तर शीट सरकवताना वरचा चुंबक खट्कन तिच्याकडे ओढला जातो. म्हणजे व्हिडिओत लोखंडाचा पत्रा आहे आणि पाकिटात ॲल्युमिनियम. ती अंगठी दिसली तर पैसे पाठवू नका.