पाच अकॉर्डियन आणि बाकी जवळजवळ काही नाही : ‘अकॉर्डियन ट्राइब’ काही महिने ऐकल्यानंतर

नव्याचे नऊ दिवस सरल्यावर एखाद्या संगीतात काय उरते, हे कळायला काही महिने जावे लागतात. ‘अकॉर्डियन ट्राइब’ या चमूचे तिन्ही अल्बम मी यंदा इतक्या नेमाने ऐकले आहेत की त्यांच्याविषयी आता काही जबाबदारीने लिहिता येईल. बाल्कन आणि उत्तर युरोपातील लोकसंगीत, त्यावर प्रायोगिक रॉकचा संस्कार आणि सगळा कारभार विजेच्या वाद्यांशिवाय, असे वर्णन वाचून मी यांच्याकडे वळलो होतो. वर्णन खोटे नाही; मात्र त्यावरून या चमूतील पाचही जण अकॉर्डियनच वाजवतात हे कळत नाही. अधूनमधून येणारा मेलोडिका (तोंडाने फुंकून वाजवायचा छोटा कळफलक) आणि शब्दांविना येणारा गळ्याचा आवाज सोडला, तर दुसरे वाद्य नाही. ड्रम नाहीत, बास गिटार नाही, व्हायोलिन नाही.

हा चमू अमेरिकी वादक गाय क्लुसेव्हसेक यांनी १९९६ साली जमवला. पेनसिल्व्हेनियातील स्लोव्हेनियन वस्तीत पोल्का, म्हणजे दोन मात्रांच्या चपळ नाचाच्या चाली, ऐकत वाढलेल्या या माणसाने पुढे न्यूयॉर्कच्या प्रायोगिक संगीतात नाव काढले आणि ऐंशीच्या दशकात कितीतरी आधुनिक संगीतकारांकडून मुद्दाम नव्या पोल्का लिहवून घेतल्या. त्यांच्या जोडीला स्लोव्हेनियाची राजधानी ल्युब्लियाना इथले ब्रात्को बिबिच आले. युगोस्लाव्हियाच्या काळात ‘बेग्नाग्राद’ या बँडमधून त्यांनी बाल्कन लोकधुनांना रॉकच्या मांडवाखाली आणले होते. फिनलंडच्या मारिया कालानिएमी बटनांचे अकॉर्डियन वाजवतात आणि त्यांची घडण हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीतील लोकसंगीत विभागात झाली. ऑस्ट्रियाचे ओटो लेखनर जॅझच्या अंगाने येतात. पाचवे स्वीडनमधील उप्सालाचे लार्स होल्मर, आणि माझ्या मते या चमूचा खट्याळपणा मुख्यतः त्यांच्याकडून येतो.

होल्मर यांच्याविषयी थोडे अधिक सांगणे भाग आहे, कारण प्रायोगिक रॉकचा धागा त्यांच्यापाशी सर्वांत ठळक आहे. १९६९ साली उप्सालात सुरू झालेल्या ‘साम्ला माम्मास मान्ना’ या बँडचे ते कळफलकवादक होते. १२ मार्च १९७८ रोजी लंडनमध्ये ‘रॉक इन ऑपॉझिशन’ या नावाने जो कार्यक्रम झाला, त्यात इंग्लंडचा ‘हेन्री काऊ’, बेल्जियमचा ‘युनिव्हेर झेरो’, इटलीचा ‘स्टॉर्मी सिक्स’, फ्रान्सचा ‘एत्रों फू ललूब्लाँ’ आणि स्वीडनकडून हा बँड असे पाच बँड एकत्र आले. रेकॉर्ड कंपन्यांना जे संगीत तुमच्या कानावर पडू द्यायचे नाही ते हे, अशा आशयाची त्यांची घोषणा होती. त्या मंडळींत स्वीडिश बँड सर्वांत हसरा होता. बाकीचे काळोखाकडे किंवा राजकारणाकडे झुकलेले असताना हे लोक सर्कशीतल्यासारखे सूर आणि चढ्या, खोट्या आवाजातील गाणी घेऊन आले. होल्मर यांनी कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि तिथे एकट्याने असंख्य छोट्या धुना ध्वनिमुद्रित केल्या. डिसेंबर २००८ मध्ये त्यांचे निधन झाले.

‘साम्ला’च्या १९७३ च्या ‘मोलतिद’ या अल्बमच्या प्रेमात असलेल्या श्रोत्याने ‘अकॉर्डियन ट्राइब’कडे वळताना मन थोडे मोकळे ठेवावे. तिथला ड्रम-गिटारचा गोंगाट इथे मिळणार नाही. रॉक इथे आवाजात नसून बांधणीत आहे: एक लकेर चार वेळा हट्टाने घासायची, पाचव्यांदा ती भलत्याच स्वरावर तोडायची, दोन वादकांनी एक चाल धरली असताना तिसऱ्याने तिच्या पायात पाय घालायचा, आणि हे सगळे अत्यंत काटेकोरपणे लिहून, तालीम करून वाजवायचे. सुरुवातीला मला हे विनोद म्हणून आवडले. विनोदाची गंमत मात्र फार दिवस टिकत नाही. पुढचा धक्का कुठे आहे हे पाठ झाल्यावर हसू येईनासे होते. त्यानंतर जे ऐकू येऊ लागले, त्यासाठी मी हे अल्बम अजून लावतो.

ते म्हणजे भाता. आमच्या परिचयातील एक काका वर्षानुवर्षे भजनाला पेटीची साथ करतात. त्यांना एक रचना ऐकवली, तेव्हा सुरावटीकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नाही. ‘हे लोक भात्याने बोलतायत,’ एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा लावायला सांगितले. पेटी आणि अकॉर्डियन ही एकाच कुळातली वाद्ये, दोन्हींत हवेच्या दाबाने धातूच्या मोकळ्या पट्ट्या थरथरतात. फरक हवेच्या वाटेत आहे. पेटीच्या आत स्प्रिंगने दाबलेला दुसरा भाता असतो, त्यात हवा साठते आणि डावा हात थोडा कमी-जास्त झाला तरी सूर बराचसा सारखा राहतो. अकॉर्डियनमध्ये असा साठा नसतो. हाताने दिलेला प्रत्येक झटका, प्रत्येक ढील थेट पट्टीपर्यंत पोहोचते, आणि भाता उघडताना व मिटताना प्रत्येक स्वरासाठी वेगळी पट्टी वाजते. त्यामुळे पाच जणांनी एकच स्वर धरला तरी त्याची सुरुवात, त्याचा फुगवटा आणि त्याचा शेवट पाच प्रकारे होतो. हे एकदा कानात बसले की कोण वाजवत आहे हे नाव न वाचता ओळखू येऊ लागते. कालानिएमी स्वर हलकेच उघडतात, जणू हवा आधी येते आणि सूर मागून. बिबिच तो आपटून सुरू करतात. होल्मर यांचा स्वर किंचित डगमगत येतो आणि मग अचानक सरळ उभा राहतो. क्लुसेव्हसेक यांचे काम सर्वांत स्वच्छ. माझ्या कानाला कधी कधी जरा जास्तच स्वच्छ.

तालाच्या बाबतीत आपल्याकडच्या श्रोत्याला थोडा फायदा आहे, असे मला वाटते. बल्गेरियातील रचेनित्सा नाचाचा ठेका दोन-दोन-तीन असा सात मात्रांचा, कोपानित्साचा दोन-दोन-तीन-दोन-दोन असा अकरा मात्रांचा. रूपकाची तीन-दोन-दोन अशी विभागणी अंगवळणी पडलेल्या माणसाला सात मात्रांची भीती वाटत नाही, फक्त लांब पाऊल आधी पडण्याऐवजी शेवटी पडते, हे ध्यानात ठेवावे लागते. खरी परीक्षा पोल्स्का ही स्वीडिश नाचाची चाल घेते. ती मोजायला तीन मात्रांची, पण अनेक भागांत त्या तीन मात्रा सारख्या लांबीच्या नसतात. हाताने टाळी देत बसलात तर चुकामूक ठरलेली. या दोन्ही परंपरांचे पाय इतके वेगळे असताना त्यांना एका रचनेत नांदवणे अवघड काम आहे. त्यांनी ते सगळ्यांना एका साच्यात बसवून केलेले नाही. प्रत्येक जण आपापल्या रचना घेऊन आला आणि इतर चौघांनी त्या आपल्या हेलाने वाजवल्या. उत्तरेकडची उदास चाल बिबिच यांच्या आपटीव हातात गेली की ती नाचू लागते, आणि पोल्का कालानिएमींकडे आली की तिची गती तीच राहून वजन बदलते.

आता तक्रारी. पाच अकॉर्डियन म्हणजे एकाच जातीचा नाद, आणि तो सलग तासभर ऐकणे मला आजही जमत नाही. वरच्या पट्टीत दोन-तीन वाद्ये एकत्र आली की त्यांच्या मुद्दाम किंचित बेसूर जुळवलेल्या पट्ट्यांची थरथर एकमेकांवर चढते आणि स्वस्त इअरफोनवर ती कानात अक्षरशः टोचते. मोबाइलच्या स्पीकरवर उलटी अडचण होते: खालचे स्वर नाहीसे होतात आणि साऱ्या रचनेचा पायाच निघून जातो. बऱ्यापैकी मोठे स्पीकर, मध्यम आवाज आणि एका वेळी चार-पाच रचना, हे प्रमाण मला मानवले. क्रम उलटसुलट करण्याची सोय बंद ठेवावी, कारण एका सौम्य रचनेनंतर एक आडदांड रचना ही मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. होल्मर यांचे काही वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नाचाच्या चाली) भावुकतेच्या काठावरून चालतात. मला ते आवडतात, पण घरात त्यावर एकमत नाही.

तीन अल्बमांपैकी १९९८ चा पहिला, चमूच्याच नावाचा, हा १९९६ च्या दौऱ्यातील मैफलींमधून तयार झाला आहे. त्यात खडबडीतपणा आहे, आणि वादक एकमेकांना जोखत असल्याचे कळते. २००२ चा ‘सी ऑफ रीड्स’ सर्वांत समतोल आहे आणि नव्या श्रोत्याने तिथून सुरुवात करावी. २००६ चा ‘लंगहॉर्न ट्विस्ट’ कारागिरीत त्याहून सरस असेल, पण तो मी कमी लावतो. त्यात सगळ्यांना सगळे जमू लागले आहे आणि पायात पाय घालण्याची खोड थोडी कमी झाली आहे. श्टेफान श्वीटर्ट यांनी २००४ साली या चमूवर केलेला माहितीपटही पाहण्यासारखा आहे. भाते हलताना दिसले की आवाजातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. लग्नसमारंभातले आणि गुत्त्यातले वाद्य म्हणून अकॉर्डियनला किती काळ हिणवले गेले हेही त्यातून कळते. आपल्याला ते नवीन नाही: ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हार्मोनियमला आपल्या दारातून बाहेर काढले, आणि ती बंदी अंशतः उठायलाही १९७१ उजाडावे लागले.

पेटी, ऑर्गन किंवा अकॉर्डियन स्वतः वाजवणाऱ्याने ‘सी ऑफ रीड्स’ जरूर मिळवावा. त्याला माझ्यापेक्षा चौपट ऐकू येईल. केवळ बाल्कन ब्रास बँडचा जल्लोष हवा असेल त्याने इकडे येऊ नये, आणि पार्श्वसंगीत म्हणून तर हे मुळीच लावू नये. मी एकदा स्वयंपाक करताना लावले होते. फोडणीपेक्षा लक्ष भात्याकडे राहिले.