सेकंडहँड 250एफ मोटोक्रॉस बाइक, एक सीझन वापरल्यानंतर: गाडी मस्त, पण व्हॉल्व्हचं आधी वाचा

इंजिन उघडावं लागलं म्हणून लिहायला बसलोय. आधी 125 टू-स्ट्रोक होती, ती विकून ही कार्बवाली (कार्ब्युरेटरची) 250 फोर-स्ट्रोक घेतली. स्पेक्स सगळ्यांना माहितीयेत, ते सोडतो.

चालवायला गाडी एक नंबर, त्यात वादच नाही. 125 ला पॉवरबँडमध्ये (ज्या आरपीएमला इंजिन खरा जोर देतं तिथे) ठेवायला सारखा क्लच मारावा लागायचा, कॉर्नरमध्ये जरा आरपीएम पडले की गेलं सगळं, ही खालूनच ओढते. पावसात मुरमाच्या निसरड्या चढावर एक गिअर वरचा टाकून शांतपणे वर जाते, मागचं चाक जागेवर फिरत बसत नाही. 1997 ला अमेरिकन रेसर डग हेन्रीने लास वेगासची सुपरक्रॉस (स्टेडियममधली मोटोक्रॉस) यामाहाच्या फोर-स्ट्रोकवर मारली, लगेच 1998 ची वायझेड400एफ बाजारात आली आणि मग सगळे फोर-स्ट्रोककडे का वळले ते चालवल्यावर कळतं. रेसच्या नियमांनीही साथ दिली म्हणा, एकाच क्लासमध्ये 125 टू-स्ट्रोकसमोर 250 फोर-स्ट्रोक, सरळ डबल सीसी. होंडाने तर 2007 नंतर सीआर125 आणि सीआर250 या टू-स्ट्रोक बंदच केल्या.

आता व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा. गरम गाडी पडून बंद झाली की चालू होईना. हॉट स्टार्ट लिव्हर (गरम इंजिनात जास्तीची हवा सोडणारा) ओढून, थ्रॉटलला हात न लावता किक मारायची हे येतं मला, थ्रॉटल फिरवला की कार्बमधला पंप पेट्रोल फेकतो आणि इंजिन फ्लड होतं. तरी किका मारून पाय गळायची वेळ. गॅरेजवाला म्हणे जेट (कार्बमधलं पेट्रोलचं बारीक भोक) चोकअप आहे. कार्ब साफ केला, पैसे घेतले, गाडी तशीच. परत नेली तर परत कार्ब! मी म्हटलं टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप बघा, तर म्हणे या गाडीला ते बघायची गरज नसते. शेवटी मित्राकडे कव्हर उघडलं आणि फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पत्त्या) लावला, इनटेक व्हॉल्व्हला जिथे 0.10 मिमीच्या वर गॅप पाहिजे तिथे सगळ्यात पातळ पत्तीसुद्धा आत जाईना. म्हणजे व्हॉल्व्ह सीटमध्ये (ज्या कडेवर तो टेकून बंद होतो तिच्यात) बसत गेलेला, गरम झाल्यावर नीट बंदच होत नव्हता, कॉम्प्रेशन येणार कुठून? टायटॅनियमचे व्हॉल्व्ह, वरचं कोटिंग धुळीने खाल्लं की पुढे झपाट्याने झिजतात, आधीच्या मालकाने शिम (गॅप जुळवायच्या छोट्या चकत्या) बदलत बदलत वेळ काढली होती. माझ्या 125 चा पिस्टन-रिंग मी रात्रीत घरी बदलायचो, हेड काढलं, ब्लॉक उचलला, झालं. इथे व्हॉल्व्ह, स्प्रिंग, सीट कटिंग, गॅस्केट आणि पार्ट बाहेरून येईपर्यंत गाडी स्टँडवर. अमेरिकन रेसर रिकी कार्मायकलने 2002 ला टू-स्ट्रोकवर अमेरिकेच्या आउटडोअर मोटोक्रॉस सीझनच्या 24 पैकी 24 मोटो (शर्यती) जिंकल्या, 2004 ला 450 फोर-स्ट्रोकवर परत 24, पण फॅक्टरी टीमला इंजिनाचा खर्च बघावा लागत नाही, आपल्याला पहिला तोच बघावा लागतो.

तेव्हा रागात विकायलाच काढली होती. मग स्टेनलेस स्टीलचे व्हॉल्व्ह टाकले, ते जड म्हणून त्यांच्या कडक स्प्रिंगपण, सीट नीट कापून घेतल्या. टॉपला (वरच्या आरपीएमला) किंचित मंद वाटते, मला चालतं. आता गरम असताना पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होते आणि गॅप अजून हललेला नाही, म्हणून सध्या ठेवलीये. फिल्टर मात्र प्रत्येक राइडनंतर धुवून तेल लावून, कडेला ग्रीस फिरवूनच बसवतो, आपल्याकडच्या धुळीत यात आळस केला की थेट व्हॉल्व्हवर जातं.

स्वतःच्या खिशातून खेळणाऱ्या नवीन पोराला मी अजूनही 125 टू-स्ट्रोकच सांगेन. फोर-स्ट्रोकच हवी असेल तर प्लास्टिक, स्टिकर, एक्झॉस्ट बघत बसू नका, गाडी थंड असताना कव्हर उघडून गॅप मोजा, कुठले शिम बसवलेत ते लिहून घ्या. मालक उघडू देत नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका.